फोडलेली हलगी

श्रावण उतरणीला लागला की आमच्या वस्तीवरून जाणारी माणसं नाकाला पदर नाहीतर पागोट्याचं टोक लावतात. ओढ्याकाठच्या खड्ड्यात आम्ही केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं कुजायला टाकलेली असतात, त्याचा हा वास. सडक्या गवताचा म्हणावा तर त्याहून तिखट, मेल्या जनावराचा म्हणावा तर त्याहून हिरवा. पानं कुजली की दगडावर बडवायची, धुवायची, वाळवायची. मग आतला पांढरा वाख निघतो आणि त्याचे दोर होतात. नाक धरून गेलेला माणूसच चार दिवसांनी कासरा मागायला येतो. मला मात्र तो वास आला की लहानपणापासून भूक लागायची. पोळा आला, कासरे, वेसणी, दावी लागणार, चुलीवर काही तरी शिजणार, हे आमच्या घरात नाकाला आधी कळायचं.

यंदाही वास आला. भूक लागली नाही. वीस वर्षं झाली, पोळ्याच्या दिवसांत मला भूक लागत नाही.

दोर वळणारा माणूस उलटा चालतो. एकानं लिंबाखाली बसून लाकडी फिरकी फिरवायची आणि दुसऱ्यानं ओटीत वाख भरून तो हातानं सोडत सोडत मागं मागं सरकायचं. जेवढं मागं जाल तेवढा दोर लांब. मागं दगड आहे का बाभळीचा काटा, हे टाचेलाच काय ते कळतं. सगळी उमर मी असा चाललो. आता फिरकीवर माझी नात सारू बसते, दहा-अकरा वर्षांची. तिचं तोंड माझ्याकडं, माझं तिच्याकडं, आणि मी एकेक पाऊल तिच्यापासून लांब जातो. दोर लांबत जातो आणि सारूच्या जागी मला तिचा बाप दिसायला लागतो. योहान. माझा एकुलता एक. त्याला मी ह्याच लिंबाखाली, ह्याच दोरावर धर्म शिकवला.

आमच्या मांगवाड्यात डोक्यावर पाणी घेऊन ख्रिस्ती झालेलं पहिलं घर माझं. हे मी आजही छाती काढून सांगतो. निजामाचा मुलूख, सरकारी मदरशात उर्दू, आणि तिथल्या पायरीवर आमची सावली चालत नव्हती. नगरकडून एक म्हातारे मास्तर तट्टावर बसून महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. खाली बसायचे, आमच्या घरचं पाणी प्यायचे. त्यांनी एकदा गोष्ट सांगितली. मेंढरं राखणारं एक पोरगं होतं, दावीद नावाचं. राक्षसाएवढा गडी समोर आला, तर पोरानं हातात तलवार धरली नाही. गोफण फिरवली आणि तो पहाड खाली पाडला. मी ऐकत होतो तेव्हा माझ्या मांडीवर अर्धवट वळलेली गोफणच होती. अंगावर काटा आला. आमच्या हातची चीज त्या पवित्र पुस्तकात! मी तिथंच उठून म्हणालो, "मास्तर, मला ह्येच नाव द्या." लक्ष्याचा दावीद झालो. गोष्टीत पुढं काय झालं ते विचारलं नाही. गोफण मिळाली होती, मला तेवढं बस्स होतं.

अक्षरं मी तिशीनंतर शिकलो, बोटाखाली एकेक धरून. पण मास्तरांनी दिलेली प्रश्नोत्तरांची पुस्तिका मला सगळी पाठ होती, आणि तीच मी योहानच्या डोक्यात घालायला घेतली. तो फिरकी फिरवायचा, मी मागं सरकत विचारायचो. लांब गेलो की ओरडून विचारायचो, ओढ्यापलीकडचे गुराखी उभे राहून ऐकायचे.

"सृष्टी कुणी केली?"

"देवानं केली."

"देव कुठं हाय?"

"समदीकडं हाय."

"तुला दिसतो का?"

"न्हाई. पर त्याला मी दिसतो."

उत्तर अडखळलं की मी हातातला पेड असा हिसकायचो की फिरकी त्याच्या बोटांवर बसायची. जोरात नाही. अगदी हळूही नाही. पोरगं बोटं तोंडात घालायचं आणि बरोबर उत्तर द्यायचं. एका हंगामात सगळी पुस्तिका घडाघडा म्हणायला लागलं. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा ताठ मात्र मी झालो.

माझी बायको मार्था दारात वाख विंचरत बसलेली असायची. एकदा म्हणाली, "आवं, देवाचं नाव घेतल्यावर पोरगं आदी बोटं लपवतंय. बघितलंत का?"

मी म्हणालो, "बोटं बरी होत्यात. पाठांतर ऱ्हातंय."

आता हलगीचं सांगायला हवं. माझ्या बापाची हलगी पाच गावांत ऐकू यायची, आणि माझ्या हातात ती बापाहून सरस बोलायची. ही बढाई नाही, त्या वेळच्या कुणालाही विचारा. नारायणगडाच्या जत्रेत मी वाजवली आहे आणि माणसं भाकरी हातात धरून खायची विसरली आहेत. पण ती हलगी म्हणजे गावानं गळ्यात अडकवलेलं दावंच होतं. देवीपुढं वाजीव, बोकडापुढं वाजीव, मढ्यापुढं वाजीव, कचेरीचा हुकूम आला की दवंडीला वाजीव. ताप असो, घरात मूल गेलेलं असो, "चल बे" म्हटलं की उठायचं. डोक्यावर पाणी घेतलं तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले होते, मूर्तीपुढं वाजवू नकोस. मी ठरवलं, कशापुढंच वाजवणार नाही. गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगली. मोडता आली असती. मोडली नाही. का, ते तेव्हा मी मला विचारलं नाही.

माणूस असं काही सोडतो तेव्हा त्याला वाटतं, आपण देवाला लई मोठी चीज दिली. मग तो आपल्या पोरांकडं तेवढंच मागतो.

योहान सतरा वर्षांचा झाला. बोटं त्याची कुठं गप्प राहायची नाहीत. काठवटीवर, घागरीवर, तट्टाच्या खोगिरावर. एकदा प्रार्थना चालू असताना स्वतःच्या गुडघ्यावर. मी डोळे वटारले. मार्था गालातल्या गालात हसत म्हणाली, "त्याला कावून रागं भरता? पोराच्या बोटांत तुमीच हायसा."

त्या वर्षीचा पोळा उघड्या उन्हाचा होता. सकाळीच सगळे दोर देऊन झाले होते. गावातल्या बैलांच्या अंगावर नखशिखान्त माझ्या घरचे दोर, शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग, पाठीवर झुली. मी दारात बसून बघत होतो आणि खूश होतो. नैवेद्य आम्ही घेत नव्हतो, म्हणून मार्थानं वेगळं गोड केलं होतं. दुपार कलल्यावर पाटलाचा गडी पळत आला. मी सोडल्यापासून पोळ्याला शेजारच्या गावचा वाजवणारा यायचा, तो तापानं पडला होता.

"दाव्या, पाटलानं बोलावलंय. बैलं वेशीत ताटकळल्यात."

"बैलांला सांग, दावीद वाजवत न्हाई."

गडी हसला नाही. तसाच परत गेला. मी तंबाखू मळली. योहान कुठं आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

मग वेशीकडून हलगी बोलली.

पहिल्या तीन ठोक्यांत मला कळलं, ही आमची. चामडं चांगलं पाचटावर शेकलेलं होतं, त्याशिवाय असा खणखणीत आवाज निघत नाही. चाल माझ्या बापाची होती, पावलाला पाऊल लावून. आणि मग मधेच एका ठिकाणी हलगी जराशी थांबली, श्वास घेतल्यासारखी, आणि अशी पुढं गेली की तशी ना माझ्या बापानं कधी नेली, ना मी. पोरानं वाजवलेली मी कधी ऐकली नव्हती. कुठं शिकला? आढ्यावरून कधी काढत होता? मी ओढ्यावर असताना? मार्थाला ठाऊक होतं का? मी उठून चालायला लागलो होतो.

वेशीत माणसं गोलाकार उभी होती आणि सगळ्यांचे चेहरे उजळलेले. बैलसुद्धा कान टवकारून. मी गर्दीतून आत गेलो, योहानच्या हातातून हलगी घेतली, जमिनीवर ठेवली आणि टाच मारली. चामडं फाटायचा आवाज फार मोठा नसतो. पण तेवढी माणसं गप्प असली की तो लांबवर जातो.

पाटील पुढं आले. "का बे दाव्या, तुजा देव हलगीला भितो का?"

सगळे हसले. मी म्हणालो, "माजा देव कुणाला भीत न्हाई, पाटील. पर माजं पोरगं त्याला भिईल."

योहान फाटक्या हलगीकडं बघत होता. म्हणाला, "बा, म्या हात न्हाई जोडले. नैवेद्य न्हाई घेतला. नुसतं वाजवलं."

"गप."

"बैलं कुणी केली, बा? तूच शिकवलंस ना?"

मी त्याचा दंड धरून त्याला घरी आणला. संध्याकाळी दिवा लावून प्रार्थनेला बसलो. मी विचारलं, "योहान्या, सृष्टी कुणी केली?" तो उठला, उंबऱ्याबाहेर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी फिरकीवर बसला तेव्हा मी परत विचारलं. उत्तर नाही. मी हिसका दिला. फिरकी बोटांवर बसली. त्यानं बोटं तोंडात घातली नाहीत, नुसती बघितली, फिरकी नीट धरली आणि फिरवायला लागला. अजून एक हिसका. अजून एक. मग माझाच हात दुखायला लागला.

तेव्हापासून आजपर्यंत प्रार्थनेच्या वेळी तो उंबऱ्याबाहेर बसतो. गावाच्या देवाकडंही गेला नाही. लग्न मास्तरांच्या हातानं केलं, पोरीचं नाव पुस्तकातलं ठेवलं, माझं सगळं करतो, औषधपाण्याला सिरसाळ्यापर्यंत मला गाडीत घालून नेतो. फक्त त्याच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द नाही. मास्तर विचारायचे, तर मी सांगायचो, लाजाळू आहे. खोटं बोलायचो, तेही मास्तरांपुढं.

चामडं कुत्र्यांनी नेलं. उरलं लोखंडाचं कडं. ते मार्थानं उचलून आणलं आणि मातीत रुतवून त्यावर पाण्याची घागर ठेवली. मी म्हणालो, "फेक ते." ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घागर डुगडुगत न्हाई." ती जाऊन चार वर्षं झाली. बोलून तिनं मला कधी दोष दिला नाही. रोज घागर मात्र त्याच कड्यावर ठेवली. वीस वर्षं मी त्याच घागरीचं पाणी पितो आहे.

आता वस्तीत नवे मास्तर आहेत, जवान, पोरांना जमवून मराठी शिकवतात. सारू पुस्तक असं वाचते की मला माझ्या बोटाची लाज वाटते. यंदाच्या श्रावणात एका भिजपावसाच्या दुपारी आम्ही आत वाख विंचरत होतो. योहान उंबऱ्यावर बैलाच्या तोंडाची मोरकी गुंफत होता. मी सारूला म्हणालो, "स्तोत्रं वाच. मला सुरुवातीची धा-बारा येत्यात, ती नगंत. शेवटचं वाच." शेवटपर्यंत माझं बोट कधी पोचलंच नव्हतं.

ती वाचत गेली आणि थांबली.

"आबा, हितं डफ लिवलाय."

"काय लिवलंय?"

"डफ वाजवून देवाची स्तुती करा, आसं म्हंतंय. डफ म्हंजी आपली हलगीच ना?"

उंबऱ्यावरचे हात थांबले. पाऊस पत्र्याच्या डब्यावर टपटपत होता तेवढाच आवाज. मग हात परत चालू झाले. योहाननं मान वर केली नाही. मी सारूला तीच ओळ परत वाचायला लावली. मग पुस्तक माझ्याकडं घेतलं आणि बोट ठेवून स्वतः वाचली. ड. फ. दोनच अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. मला पहिल्या वर्षीच वाचता आली असती.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडं गेलो. ते बिचारे हसले. "दावीदबाबा, तुमच्या नावाचा राजा स्वतःच वाजवणारा होता की. देवापुढं नाचलासुद्धा, सगळ्या लोकांदेखत."

"हे मला कुणी कावून न्हाई सांगितलं?"

"गोष्टीत पुढं आहे ते. तुम्ही कुठवर ऐकली होती?"

"गोफणीपतोर," मी म्हणालो.

येताना मी म्हाताऱ्या मास्तरांना मनातल्या मनात दोष देऊन बघितला. टिकला नाही. ते म्हणाले होते, मूर्तीपुढं नको. पुढचं सगळं माझं. आणि खरं सांगायचं तर ते स्तोत्र नसतं, पुस्तकात डफाचं नाव कुठंच नसतं, तरी माझी सुटका नव्हती. त्या दिवशी वेशीत मी टाच का मारली, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांना नाही, मार्थाला नाही. प्रार्थनेतसुद्धा मी त्या गोष्टीच्या कडेकडेनं गेलो, जसा माणूस खोल डबक्याच्या कडेनं जातो.

परवा उघडीप मिळाली. पोळा दोन दिवसांवर. सारू फिरकीवर, मी ओटीत वाख घेऊन मागं सरकत होतो. मी तिला हिसका देत नाही. चुकली तर परत विचारतो.

"देव कुठं हाय?"

"समदीकडं हाय."

"तुला दिसतो का?"

"न्हाई. पर त्याला मी दिसते." आणि लगेच म्हणाली, "आबा, आता मी ईचारू?"

"ईचार."

"घागरीखालचं कडं कशाचं हाय?"

माझी टाच थांबली. कुणी सांगितलं हिला? का तिचंच तिला कळलं, डफाचं वाचल्यापासून? योहान लिंबाला टेकून कासऱ्याला गाठी मारत होता. तो उठला. "सारे, सरक तिकडं," म्हणाला, आणि फिरकीवर बसला. दोराचा ताण बदललेला माझ्या हाताला कळला. त्याच्या हाताचा ताण मी झोपेतही ओळखीन.

"मी ईचारतो," तो म्हणाला. वीस वर्षांत त्यानं मला विचारलं नव्हतं. "हलगी कावून फोडलीस, बा?"

उत्तर माझं पाठ होतं. "मूर्तीपुढं वाजवलीस म्हनून."

दोराला हिसका बसला. वाखाचं कूस तळव्यात घुसलं. सारू हसली, तिला वाटलं खेळ चालला आहे. मग बापाचं तोंड बघून गप्प झाली.

"कावून फोडलीस?"

"देवासाठी."

परत हिसका. पहिल्याहून मोठा. मी दोन पावलं पुढं ओढला गेलो. म्हातारा माणूस, पडलो असतो. सोडून देता आलं असतं. पेड हातातून टाकला असता तर कोण काय म्हणणार होतं? पण अर्धा दोर तसा टाकायची मला सवय नाही. मी परत मागं सरकलो, ताण घेतला.

"कावून, बा?"

सारू मला बघत होती. तिला मी काय देणार आहे, हे तेवढ्या दोन हात दोरात ठरणार होतं. हे पोर उद्या ती पुस्तिका आपल्या लेकरांना पढवेल, नाहीतर तीही उंबऱ्याबाहेर जाऊन बसेल.

मी म्हणालो, "तू माज्यापरीस चांगला वाजवत हुतास. आन् गर्दीतनं येताना माजी बोटं हलाय लागली. माजी बोटं मला आवरंनात."

फिरकी थांबली होती. ओढ्याकडून वास येत होता.

"म्या बघितलतं," योहान म्हणाला. "तुजी बोटं. तवाच."

वीस वर्षं मी धरून चाललो होतो की ते फक्त देवाला दिसलं. सारूनं हळूच विचारलं, "बा, बरुबर हाय का उत्तर?"

त्यानं फिरकी नीट धरली. मी दोर घट्ट धरला, दोन्ही टाचा मातीत रोवल्या आणि हिसक्याची वाट बघत उभा राहिलो.

फिरकी फिरायला लागली.